घरच्या मधुमक्याची कणसे अर्धवट का भरतात?

परसात लावलेला मधुमका (स्वीट कॉर्न) पुरुषभर उंच होतो, पाने गर्द हिरवी असतात, तुरा भरघोस येतो, कणीस वरून चाचपल्यावर जाडही लागते, आणि सोलून पाहावे तर इथे चार दाणे, तिथे सहा दाणे आणि मध्ये नुसता पांढरा दांडा, अशी अवस्था असते. हा अनुभव मला सलग तीन हंगामांत आला. पहिल्या वेळी मी बियाण्याला दोष दिला, दुसऱ्या वेळी खताला, आणि तिसऱ्या वेळी मात्र पोकळ निघालेली कणसे फेकून न देता ओळीने मांडून नीट पाहिली. तेव्हा लक्षात आले की तिन्ही हंगामांत तक्रार एकच दिसत असली, तरी तिचे कारण प्रत्येक वेळी निराळे होते, आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणाला लागू पडत नसल्यामुळेच ही तक्रार माझा पिच्छा सोडत नव्हती.

कारण ओळखायचे असेल तर दाणा कसा तयार होतो हे आधी समजून घ्यावे लागते. मक्याच्या एकाच झाडावर नर आणि मादी अशी दोन्ही फुले असतात. नर फुले शेंड्यावरच्या तुऱ्यात, तर मादी फुले पानाच्या बेचक्यात येणाऱ्या कणसात. कणसातून बाहेर लोंबणारे जे केस आपण भाजताना उपटून टाकतो, ज्यांना कृषी पुस्तिकांत स्त्रीकेसर म्हणतात, त्यांतला प्रत्येक केस आत एका बीजांडाला जोडलेला असतो. एका केसावर परागकण पडला तर एक दाणा भरतो. पडला नाही तर तेवढी जागा कायमची रिकामी राहते. एका कणसात सहज पाचशे ते हजार बीजांडे असतात, म्हणजे तेवढ्याच केसांवर पराग पोचणे गरजेचे असते, आणि हे सारे काम आठवडाभरात उरकावे लागते, कारण एका तुऱ्यातून पराग साधारण पाच ते आठ दिवसच झडतात.

पराग कमी पडतात असे मात्र नाही. एका तुऱ्यात वीस ते पन्नास लाख परागकण असतात. अडचण त्यांच्या आयुष्याची आणि प्रवासाची आहे. मक्याचा परागकण गवतवर्गातल्या इतर पिकांच्या मानाने मोठा आणि जड असतो; बहुतेक पराग झाडापासून दहा-पंधरा मीटरांच्या आत खाली बसतात, आणि उन्हात उघडे पडलेले कण काही मिनिटांपासून फार तर तास-दोन तास जिवंत राहतात. शेतात हजारो झाडे शेजारी शेजारी असल्यामुळे हवेत परागांचा धुरळाच असतो आणि कोणाचे ना कोणाचे पराग प्रत्येक केसाला मिळतात. परसातल्या पंधरा झाडांच्या वाट्याला असा धुरळा येत नाही.

आता सोललेल्या कणसाकडे पाहू. कणसाच्या बुडाकडच्या बीजांडांचे केस सर्वांत आधी बाहेर पडतात आणि टोकाकडचे सर्वांत शेवटी. पहिला केस आणि शेवटचा केस यांत चार ते आठ दिवसांचे अंतर असते. म्हणजे बूड हा पहिला दिवस आणि टोक हा शेवटचा दिवस असे धरून कणीस वाचता येते. जिथे दाणे नाहीत, त्या दिवशी काहीतरी बिनसले होते.

सगळ्या कणसावर दाणे विखुरलेले असतील, कुठे एकटा दाणा फुगून गोल झालेला आणि त्याच्या भोवती रिकामी जागा असेल, तर पराग सुरुवातीपासून शेवटपर्यंत अपुरे पडले. माझ्या पहिल्या हंगामातली सर्व कणसे अशी होती. एका कणसाचे दाणे मी मोजले. सोळा ओळींच्या त्या कणसात निदान पाचशे दाणे हवे होते, ते १३७ भरले. बुडाशी रिकामे आणि वर भरलेले कणीस सांगते की केस आधी आले आणि पराग नंतर, किंवा पहिल्या दोन-तीन दिवसांच्या कडक उन्हाने ते केस वाळले. टोक रिकामे असेल तर दोन शक्यता असतात, आणि त्या वेगळ्या करण्यासाठी टोक डोळ्यांजवळ न्यावे लागते. तिथे नुसते सपाट, कोरे ठिपके असतील तर शेवटच्या केसांना पराग मिळालेच नाहीत. पण बारीक, सुरकुतलेले, पिवळट दाणे चिकटलेले दिसत असतील तर परागीभवन झाले होते आणि नंतर पाणी किंवा अन्न कमी पडल्यामुळे झाडाने ते दाणे पोसणे सोडून दिले. पहिल्या कारणावर पराग हा उपाय आहे, दुसऱ्यावर पाणी आणि खत. शेवटचा प्रकार वाकड्या कणसाचा. एका बाजूच्या एक-दोन ओळी रिकाम्या राहिल्या की भरलेली बाजू वाढते, रिकामी बाजू आखडते आणि कणीस केळ्यासारखे त्या बाजूला वळते. पुष्कळदा लांब वाढलेल्या केसांचा झुपका एका अंगाला लोंबून खालचे केस झाकून टाकतो, आणि झाकलेल्या केसांवर पराग पडत नाहीत.

लावणीची मांडणी

घरगुती लागवडीत सर्वांत जास्त नुकसान एका ओळीत लावण्याने होते. कुंपणाच्या कडेने एक ओळ लावली की जागा वाचते आणि आडोसाही होतो, म्हणून आपण तसे करतो. माझी चौदा झाडे पश्चिमेच्या कुंपणालगत, उत्तर-दक्षिण अशा एका रांगेत होती. ऑगस्टमध्ये आमच्या सातारा भागात नैर्ऋत्येकडून जोराचा वारा असतो. तो वारा रांगेला आडवा जाऊन तुऱ्यांतले पराग उचलून पूर्वेकडच्या भाजीच्या वाफ्यांवर नेऊन टाकत होता. वांग्याच्या पानांवर पिवळी भुकटी मी स्वतः पाहिली होती, पण तिचा अर्थ तेव्हा मला कळला नाही.

त्याच चौदा-सोळा झाडांचा चार बाय चारचा चौरस केला की वारा कोणत्याही दिशेने आला तरी एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर पडण्याची शक्यता कितीतरी वाढते. दोन ओळींत ६० सेंटिमीटर आणि दोन झाडांत २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवून टोकण करावी, म्हणजे ठरलेल्या जागी एकेक बी मातीत खोचावे. जागा अगदीच कमी असेल तर तीन बाय चार झाडे चालतील, पण त्याखाली गेल्यास हाताने परागीभवन केल्याशिवाय कणीस भरेल अशी आशा धरू नये. चौरसातसुद्धा वाऱ्याच्या बाजूच्या कडेची झाडे थोडी कमी भरतात, हे लक्षात असू द्यावे.

गच्चीवर कुंड्यांत किंवा पिशव्यांत मका लावणाऱ्यांची अडचण याहून मोठी असते, कारण तिथे वारा मोकळा असतो आणि पराग कठड्यावरून थेट रस्त्यावर जातात. एक सोय मात्र गच्चीवरच मिळते, ती अशी की पिशव्या हलवता येतात. तुरा बाहेर दिसू लागला की सगळ्या पिशव्या एकमेकींना चिकटवून भिंतीच्या आडोशाला आणाव्यात आणि केस तपकिरी होईपर्यंत तशाच ठेवाव्यात. पिशवी निदान एक फूट खोल हवी.

झाडे एका वेळी फुलोऱ्यावर न येणे

मक्याच्या झाडात सहसा तुरा आधी पराग सोडू लागतो आणि त्याच झाडाचे केस एक ते तीन दिवसांनी येतात. सर्व झाडे एका वयाची असली तर हा फरक भरून निघतो. पण उगवण मागेपुढे झाली, तर मागे राहिलेल्या झाडाचे केस येईपर्यंत बाकीच्यांचे तुरे झडून गेलेले असतात, आणि त्या झाडाचे कणीस पूर्ण पोकळ निघते. मधुमक्याचे बी मुळातच सुरकुतलेले असते, त्यात पिष्ट कमी असते, त्यामुळे गार किंवा चिखलट मातीत ते साध्या मक्याइतके सारखे उगवत नाही. नाशिकसारख्या ठिकाणी डिसेंबरच्या थंडीत टोकलेल्या बियाण्यात हा फरक फारच जाणवतो. प्रत्येक जागी दोन बिया टोकाव्यात, दहा-बारा दिवसांनी विरळणी करून एक रोप ठेवावे, आणि नांग्या, म्हणजे बी न उगवलेल्या जागा, भरायच्या असतील तर त्या आठवड्याच्या आतच भराव्यात; तीन आठवड्यांनी भरलेली नांगी जागा अडवते आणि कणीस देत नाही.

संकरित वाणाचे घरी राखून ठेवलेले बी वापरल्यासही हेच घडते. पुढच्या पिढीत झाडांची उंची आणि फुलोऱ्याची वेळ विखुरते. बी दरवर्षी नवे घ्यावे.

मी आता आणखी एक काळजी घेतो. मुख्य लावणीनंतर पाच-सहा दिवसांनी चौरसाच्या कडेला तीन-चार बिया जास्त टोकतो. त्या झाडांच्या कणसांची मला फारशी अपेक्षा नसते. शेवटी येणाऱ्या केसांना ताजे पराग मिळावेत एवढ्यासाठीच ती असतात. बीजोत्पादनाच्या शेतातही नर ओळी अशाच टप्प्याटप्प्याने पेरण्याची पद्धत आहे.

हाताने परागीभवन

थोड्या झाडांसाठी हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, आणि त्याला रोजची दहा मिनिटे पुरतात. तुऱ्याच्या मधल्या दांड्यावर बारीक पिवळे परागकोश लोंबू लागले की पराग सुटायला सुरुवात झाली असे समजावे. दव वाळल्याशिवाय हे कोश उघडत नाहीत, म्हणून साधारण नऊ ते अकरा ही वेळ योग्य असते. एका हाताने झाड किंचित वाकवून तुरा कोरड्या परातीवर आणावा आणि दांड्याला बोटाने हलक्या टिचक्या माराव्यात. परातीत दोन वस्तू पडतात: गव्हाच्या कोंड्यासारखे दिसणारे रिकामे कोश, आणि त्यांच्या खाली बसलेली, बेसनाहून बारीक अशी फिकट पिवळी भुकटी. कोंडा फुंकून टाकण्याच्या भानगडीत पडू नये, कारण त्याबरोबर भुकटीही उडते. दोन-तीन झाडांचे पराग एकत्र करून मऊ कुंचल्याने किंवा बोटांच्या चिमटीने ते प्रत्येक कणसाच्या केसांवर सर्व बाजूंनी, झुपका उचलून त्याच्या खालच्या अंगालाही, टाकावेत. गोळा केलेले पराग अर्ध्या तासात वापरावेत. दुपारसाठी किंवा उद्यासाठी ठेवल्यास त्यांचा उपयोग होत नाही.

हे काम एकदाच करून थांबू नये. टोकाकडचे केस अजून आतच असतात, तेव्हा पहिला केस दिसल्यापासून पाच-सहा दिवस रोज सकाळी ही फेरी करावी. परात धरणे जमत नसेल तर तुऱ्याची एखादी काडी तोडून ती थेट केसांवरून फिरवली तरी चालते.

केस फार लांब वाढून खाली लोंबत असतील तर ते चांगले लक्षण समजू नये. पराग न मिळालेला केस रोज दोन-तीन सेंटिमीटर वाढतच राहतो आणि पराग मिळून बीजांड फळले की त्याची वाढ थांबते. वीतभर लांब, ओलसर आणि फिकट केसांचा झुपका म्हणजे ते कणीस अजून परागांची वाट पाहत आहे. अशा वेळी स्वच्छ कात्रीने झुपका दोन-तीन सेंटिमीटर ठेवून आडवा कापावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर पराग टाकावेत. केसाच्या कोणत्याही भागावर पडलेला परागकण रुजू शकतो, त्यामुळे कापल्याने नुकसान होत नाही. उलट सगळे केस एका पातळीत येऊन झाकलेले केस उघडे पडतात. संकर तयार करणारे मका-पैदासकारही परागीभवनाच्या आदल्या दिवशी कणसाचे टोक असेच कापून ठेवतात. केस साधारण दहा दिवस पराग स्वीकारतो, पण पहिल्या चार-पाच दिवसांनंतर ती क्षमता झपाट्याने घटते, म्हणून उशीर करू नये.

उष्णता आणि पाणी

माझा दुसरा हंगाम उन्हाळ्यात फसला. या वेळी चौरस केला होता, पण बी मार्चच्या मध्यावर टोकले आणि फुलोरा मेच्या पहिल्या पंधरवड्यात आला, म्हणजे नेमका चाळीस अंशांच्या आसपास. पराग रोज सकाळी नवे सुटत असल्यामुळे एखाद्या दिवसाच्या उन्हाने फार बिघडत नाही. पण ३५ अंशांच्या वर तापमान आणि जोडीला कोरडी हवा असली की केस बाहेर येताच सुकू लागतात आणि सुकलेल्या केसावर परागकण रुजत नाही. पाण्याचा ताण असेल तर केस बाहेर यायलाच उशीर होतो, तुरा मात्र वेळेवर झडतो, आणि दोहोंची चुकामूक होते. उन्हाळी मका घ्यायचाच असेल तर जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला टोकावा, म्हणजे वाण आणि थंडी यांनुसार मार्चच्या मध्यापासून अखेरीपर्यंत फुलोरा येतो आणि मेची काहिली टळते.

तिसऱ्या हंगामात जूनमध्ये लावलेल्या चौरसाची कणसे बरीच भरली, फक्त टोके सुरकुतलेल्या दाण्यांची निघाली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पावसाने दोन आठवडे उघडीप दिली होती आणि पावसाळाच आहे म्हणून मी पाणी दिले नव्हते. तुरा दिसू लागल्यापासून दाणे भरेपर्यंतचे तीन-चार आठवडे हे मक्याच्या पाण्याचे सर्वांत महत्त्वाचे दिवस असतात. या काळात माती बोटभर खोल कोरडी लागली की पाणी द्यावे, मग महिना कोणताही असो. पाणी बुंध्याशी द्यावे, सकाळी तुऱ्यावर फवारा मारू नये, कारण ओले परागकोश उघडत नाहीत. कोकणात आणि घाटमाथ्यावर याच्या उलट अडचण येते. तिथे सततच्या पावसाने तुरा दिवसेंदिवस ओला राहतो आणि वाफ्यात पाणी तुंबते. तिथे वरंब्यावर लागवड करावी, निचरा राखावा, आणि पावसाने तासभर जरी उसंत दिली तरी कोरड्या झालेल्या तुऱ्याला टिचकी मारून पाहावी.

खताविषयी थोडक्यात: मका खादाड पीक आहे. चांगले कुजलेले शेणखत लावणीआधी मिसळावे, आणि नत्र एकदम न देता लावणीच्या वेळी, महिन्याने आणि तुरा येण्याच्या सुमारास असे तीन हप्त्यांत द्यावे. खालची पाने टोकाकडून मधल्या शिरेने पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे, आणि अशा झाडाची टोके भरत नाहीत. कोवळ्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी पांढरे पट्टे दिसत असतील तर जस्ताची कमतरता धरावी.

केस कुरतडणारे किडे

कणसाच्या तोंडाशी केस कापल्यासारखे आखूड झालेले दिसले तर सकाळी लवकर आणि संध्याकाळी नीट पाहावे. घाटे अळी, नाकतोडे आणि काही भुंगेरे कोवळे केस खातात. २०१८ साली कर्नाटकात आढळलेली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचलेली अमेरिकन लष्करी अळी तर तुरा पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, असतानाच खाऊन टाकते. मोजक्या झाडांवर अळ्या हाताने वेचणे सर्वांत बरे. पाच टक्के निंबोळी अर्क फवारायचा असेल तर तो तुरा येण्याआधी पोंग्यात आणि संध्याकाळी फवारावा. तुरा उमलल्यावर कीटकनाशक मारू नये, कारण त्या वेळी सातेरी आणि फुलोरी जातीच्या मधमाश्या पराग गोळा करायला मक्यावर येतात.

या माश्यांबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. मधमाश्या कमी झाल्या म्हणून मका भरत नाही, असे अनेकजण कळकळीने सांगतात. भोपळा, दोडका, कलिंगड यांच्या बाबतीत ते खरे आहे. मक्याला मात्र वारा पुरतो. कणसाच्या केसांत मध नसतो, म्हणून माशी तुऱ्यावर येते आणि केसांकडे न फिरकता निघून जाते. मधमाश्या जपल्याच पाहिजेत, पण पोकळ कणसाचा दोष त्यांच्याकडे जात नाही. तसेच, जनावरांना वैरण म्हणून वरचा तुरा आणि पाने छाटण्याची घाई करू नये. सर्व कणसांचे केस तपकिरी झाल्यावरच शेंडा कापावा. झाडावरचे खालचे दुसरे कणीस अर्धवट राहणे हे मात्र स्वाभाविक आहे. त्याचे केस उशिरा येतात. ते कोवळेच तोडून बेबी कॉर्न म्हणून भाजीत वापरावे, कारण बेबी कॉर्न म्हणजे परागीभवनाआधी तोडलेले कणीसच असते.

कणीस भरले की नाही, हे आधीच कसे कळेल?

पूर्ण भरेपर्यंत वाट पाहिली तर चूक सुधारायला वेळ उरत नाही. पराग टाकायला सुरुवात केल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी एक कणीस तोडावे. धारदार सुरीने बुडापासून टोकापर्यंत वरच्या पानांना एक उभी चीर द्यावी आणि केसांना हात न लावता पाने एकेक करून उलगडावीत. मग बूड धरून कणीस उलटे करावे आणि हलकेच झटकावे. ज्या बीजांडात फलधारणा झाली, त्याचा केस एक-दोन दिवसांत मुळाशी सुटतो, म्हणून तो झटकताच गळून पडतो. जिथे झाली नाही, तिथला केस चिकटून राहतो. बुडाकडचे सगळे केस गळले आणि फक्त टोकाकडचा झुपका राहिला, तर काम ठीक चालले आहे आणि आणखी दोन-तीन सकाळी पराग टाकणे पुरेसे आहे. मध्येच ठिकठिकाणी केस चिकटलेले असतील, तर बाकीच्या कणसांचे झुपके त्याच संध्याकाळी कापावेत आणि दुसऱ्या सकाळी उशिरा लावलेल्या झाडांच्या तुऱ्याखाली परात धरावी.